पेटी टांगण्याआधी पक्षी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीकडे दोन-अडीच गुंठ्यांत बंगला, मागे एक आंबा, एक शेवगा, कुंपणाला जास्वंद आणि तगर. ऑनलाइन मागवलेल्या दोन लाकडी पेट्या आंब्याच्या फांदीला साखळीने टांगल्या आहेत. पेट्यांना लाल-पिवळा रंग, भोकाखाली छोटी दांडी, तोंड पश्चिमेला, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसतं. वर्ष झालं. चिमण्या अंगणात येतात, दयाळ कुंपणावर गातो, बुलबुल तर रोजचेच. पण पेटीत कोणी शिरत नाही. जागा बदलावी का, उंची किती, आत कापूस-गवत घालावं का, आणि पिंगळ्यासाठी (म्हणजे छोट्या घुबडासाठी) वेगळी पेटी लावली तर चालेल का (सासूबाईंचा विरोध आहे), असं ताईंनी विचारलं आहे.

ताई, बुलबुलाचं आधी डोक्यातून काढून टाका. तो पेटीत कधीच येणार नाही. बुलबुल झुडपात वाटीसारखं घरटं बांधतो, शिंपी पानं शिवतो, शिंजीर फांदीला थैली लटकवतो, होला चार काड्या आडव्यातिडव्या टाकून त्यावर बसतो, मुनिया गवताचा गोळा करते. या सगळ्यांना उघड्यावरची जागा लागते. त्यांच्यासाठी काही करायचं असेल तर तगरीची आणि जास्वंदीची छाटणी मार्च ते ऑगस्ट टाळा. त्यापेक्षा मोठी मदत कुठलीही पेटी करू शकत नाही.

पेटी लागते ती ढोलीत राहणाऱ्यांना. आपल्याकडच्या बागेत ही यादी लहान आहे: चिमणी, दयाळ, साळुंकी, भांगपाडी मैना, झाडी बरी असेल तर वल्गुली (चिमणीएवढा, काळ्या डोक्याचा पक्षी), आणि पिंगळा. पोपटही येतो, पण त्याला उंच जागा आवडते आणि तो चोचीने भोक कुरतडून मोठं करतो. तांबट आणि सुतार स्वतःची ढोली स्वतः कोरतात. तुमच्या अंगणात चिमणी आणि दयाळ आधीपासून आहेत, म्हणजे निवड झालीच. या दोघांच्या गरजा मात्र बऱ्याच वेगळ्या आहेत, आणि दोघांसाठी एकच पेटी चालेल या समजुतीनेच बाजारातल्या निम्म्या पेट्या बनतात.

चिमणीला माणसाचं घर लागतं. कौलाखालची फट, वाशाच्या टोकाची पोकळी, तसबिरीमागची जागा, माळवदाच्या भिंतीतलं भगदाड यांत तिच्या पिढ्या वाढल्या. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीत आणि काचेच्या खिडकीत यातलं काहीच उरलं नाही. २०२० सालच्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात देशभरात चिमणीची संख्या साधारण स्थिर दिसली, घसरण दिसली ती मोठ्या महानगरांत. सांगलीसारख्या ठिकाणी चिमण्या आहेतच, त्यांना फक्त भोक हवं आहे, आणि ते भिंतीला हवं. झाडाला टांगलेल्या पेटीकडे ती फारसं बघत नाही. शिवाय चिमण्यांना शेजार लागतो. एकच पेटी लावण्यापेक्षा तीन-चार पेट्या एकाच भिंतीला दोन-तीन फुटांवर लावल्या तर लवकर वस्ती होते.

दयाळाचं नेमकं उलट. तो हद्द राखणारा पक्षी. विणीच्या दिवसांत गाडीच्या आरशातल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी तासभर भांडतो तो हाच. तुमच्या आवारात दयाळाची एकच जोडी नांदणार, तेव्हा पेटीही एकच. तिला घराची भिंत चालते, झाडाचं खोडही चालतं. थोडी अंधारी, पानांआडची जागा तिला पसंत पडते, पण भोकासमोर दोन-तीन हात मोकळं हवं, म्हणजे थेट उडत आत जाता येतं.

आता जागा. माझ्या मते निम्म्याहून अधिक काम इथे होतं, पेटी कशी आहे हे त्यानंतर. एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी, तीनच्या सुमारास, जिथे पेटी लावायची त्या भिंतीवर तळहात ठेवा. दहा-पंधरा सेकंद ठेववत नसेल तर ती भिंत बाद. त्या वेळी पेटीच्या आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकाडा असतो, आणि अंगावर पीस नसलेल्या पिल्लांना तिथून हलता येत नाही. हिवाळ्यात जागा ठरवली तर हे कळत नाही, कारण सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि सावल्या वेगळ्याच पडतात. म्हणून आदल्या उन्हाळ्यात बारा ते पाच कुठली भिंत सावलीत राहते ते बघून ठेवावं.

दिशेचा नियम आपल्याकडे सोपा आहे. पश्चिम टाळायची. दुपारनंतरचं ऊन तिथूनच आणि पावसाळी वाराही तिथूनच, म्हणजे एका तोंडाने दोन्ही त्रास. पूर्व, ईशान्य किंवा उत्तर चांगली. सकाळचं कोवळं ऊन पडलं तर हरकत नाही. वळवाचा पाऊस मात्र कुठूनही झोडपतो, त्यासाठी पेटीचं छप्पर पुढे दोन-अडीच इंच आलेलं असावं. घराला पागोळीची वळचण, सज्जा किंवा जिन्याखालची जागा असेल तर त्याहून उत्तम. कोकणातले लोक विचारतात तेव्हा मी सरळ सांगतो की उघड्यावर लावूच नका, पडवीत लावा. विदर्भात प्रश्न उन्हाचा. तिथे छपरावर एक इंच मोकळी जागा सोडून दुसरी फळी ठोकावी. वरची फळी तापते, मधली हवा वाहत राहते आणि खालचं छप्पर बरंच थंड राहतं.

आंब्याचं झाड तुम्ही का निवडलं ते समजतं, सावली तिथेच दाट. पण मे महिन्यात तुम्ही आंबे उतरवता ना? ऐन विणीच्या काळात झाडावर माणूस चढणार, झेला घेऊन फांद्या हलवणार, खाली मुलं गोळा होणार. त्यात आंब्यावर लाल मुंग्यांची घरटी असतील तर पिल्लं जगणं कठीण. तुमच्या बाबतीत आंबा सोडा. घराची मागची भिंत उत्तरेला किंवा पूर्वेला असेल तर चिमण्यांच्या पेट्या तिथे, सज्जाच्या खाली, जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर. दयाळाची पेटी घराच्या दुसऱ्या टोकाला, सहा ते दहा फुटांवर, वेलीच्या आडोशाला. उंचीपेक्षा जास्त बघायचं ते हे की मांजर उडी मारून पोहोचेल असं काही जवळ नको. कुंपणाची भिंत, पाण्याची टाकी, एसीचं बाहेरचं युनिट, खिडकीचा गज यांपासून पाच-सहा फूट अंतर ठेवा. एसीच्या युनिटची गरम हवा हे वेगळंच संकट. नवी पेटी त्याच्या समोर लावलेली इतक्या ठिकाणी दिसते की हे मुद्दाम लिहावं लागतं.

स्वयंपाकघरातून दिसावी ही इच्छा रास्त आहे, पण पेटीचं तोंड तुमच्याकडे असायची गरज नाही. बाजूने दिसली तरी येणंजाणं कळतं.

साखळी काढा. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला झुलणारी ढोली नको असते. पेटीच्या मागची फळी वर-खाली दोन-दोन इंच जास्त ठेवून तिथे स्क्रू मारले की पेटी भिंतीला घट्ट बसते. झाडावरच लावायची असेल तर खिळे ठोकू नका. सायकलची जुनी ट्यूब किंवा नायलॉनचा पट्टा वापरा, मध्ये लाकडाची पट्टी द्या, आणि दरवर्षी गाठ सैल करा, नाहीतर खोड जाड होत जातं तसा पट्टा सालीत रुततो. पेटी किंचित पुढे झुकलेली चालते. मागे झुकलेली नको, पाणी आत येतं.

तुमच्या पेट्या टाकून देऊ नका, दुरुस्त होतील. आधी दांडी कापा. चिमणीला किंवा दयाळाला तिचा काहीही उपयोग नाही. ती कावळ्याला, भारद्वाजाला आणि टकाचोराला बसून आत चोच घालायला कामी येते. विकणाऱ्यांना दांडी लागते, कारण दांडीशिवाय पेटी फोटोत घरासारखी दिसत नाही. मग पॉलिश-पेपरने भडक रंग काढा. आतून रंग, वार्निश काहीही नको. बाहेरून जवसाचं तेल एक हात, आणि वास जाईपर्यंत पंधरा दिवस वाऱ्यावर ठेवा.

नवी करून घ्यायची असेल तर गावातल्या सुताराला दाखवता येईल असं माप देतो. फळी सहा सूत (म्हणजे पाऊण इंच) जाडीची, देवदारी खोक्याची किंवा आंब्याच्या पेटीची जोडून घेतलेलीही चालेल. सागवान लागत नाही. एमडीएफ (भुसा दाबून केलेली फळी) अजिबात नको, पहिल्याच पावसात फुगतो. पत्रा आणि पीव्हीसी पाइप उन्हाळ्यात भट्टी होतात. मडकं सावलीत चालतं, पण आतून गुळगुळीत असेल तर पिल्लांना वर चढता येत नाही, आणि धुवायला तर ते फोडावंच लागतं.

चिमणीच्या पेटीचा तळ आतून सहा बाय सहा इंच, उंची नऊ-दहा इंच. भोकाची खालची कड तळापासून साधारण सहा इंच वर. भोक सव्वा इंचाचं, म्हणजे ३२ मिमी. इथे एक सोय आहे. कपाटाची ऑटो बिजागरी बसवायला सुतार ३५ मिमीचा बिट वापरतात, तो प्रत्येकाकडे असतो. ३५ मिमी चालतं. चिमणी सहज जाते आणि साळुंकी बाहेर राहते. सुताराने उत्साहाने दोन इंच पाडलं तर पेटी साळुंकीची झाली म्हणून समजा. भोकाखालच्या फळीला आतल्या बाजूने करवतीने आडव्या खाचा मारून घ्या, पिल्लं त्यांना नखं अडकवून वर येतात. रंधा आतून मारूच नये. तळाची फळी चार भिंतींच्या आत बसवा, खालून ठोकू नका, नाहीतर भिंतीवरून ओघळणारं पाणी तळात मुरतं. तळाच्या चारही कोपऱ्यांत दोन सुताचं भोक, आणि दोन्ही बाजूच्या भिंतींना वर छपराखाली दोन सुताची फट, हवा खेळायला. एक बाजूची फळी वर दोन खिळ्यांवर फिरणारी आणि खाली एका स्क्रूने अडवलेली ठेवा. साफसफाईचं दार तेच. छपराचं दार केलं तर उघडताना तुम्ही वरून डोकावणार, आणि खालच्या पक्ष्यासाठी वरून आलेली सावली म्हणजे शिकरा.

दयाळाच्या पेटीला तळ तेवढाच, उंची बारा इंच, भोक दोन इंचाचं. यात साळुंकीही शिरू शकते, ते टाळता येत नाही. दयाळाची विण मार्चपासून सुरू होते. पेटी आधीपासून लागलेली असेल तर त्याला पहिली संधी मिळते एवढंच.

म्हणूनच वेळ महत्त्वाची. जागतिक चिमणी दिन २० मार्चला असतो. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने तो २०१० साली सुरू केला, आणि त्यामुळे निदान लोक चिमणीबद्दल बोलायला लागले. पण त्या आठवड्यात वाटलेल्या पेट्या भिंतीवर चढेपर्यंत एप्रिल उजाडतो. चिमण्यांची विण वर्षात केव्हाही होऊ शकते, तरी उन्हाळ्याच्या हंगामासाठीची जागा त्यांनी तोवर धरलेली असते. दिवाळी ते संक्रांत या काळात पेटी लावा. थंडीत चिमण्या रात्री तिच्यात शिरून बसल्या तरी ओळख होते. आणि पहिल्या हंगामात कोणी आलं नाही तर महिन्या-महिन्याला जागा बदलत राहू नका. दोन हंगाम जाऊ द्या, मग भिंत बदला.

आत काहीही घालू नका, कापूस तर नाहीच. ओला झाला की वाळत नाही आणि पिल्लांच्या नखांत अडकतो. गवत, काड्या, पिसं चिमणी स्वतः आणते आणि पेटी ठासून भरते. दयाळ मुळं-काड्यांचं साधंच अंथरूण करतो. तुम्ही बागेच्या कोपऱ्यात वाळलेलं गवत थोडं पडू द्या. लांब दोरे, मांजाचे तुकडे, विंचरलेले केस मात्र उचलून टाका. पायाला गुंडाळलेला मांजा घरट्यात आला की एक पिल्लू जन्माचं लंगडं होतं किंवा तिथेच लटकतं.

दाणे पेटीजवळ ठेवायचे नाहीत, वीस फूट तरी लांब. दाण्यांवर खारी, उंदीर, कावळे येतात आणि त्यांना शेजारी अंडी सापडतात. खार ही पेटीची मोठी शत्रू. ती अंडी खाते आणि पुढे स्वतःच तिथे संसार थाटते. भोकाभोवती पत्र्याची चकती बसवली (कडा कानशीने घासून) तर ती भोक कुरतडून मोठं करू शकत नाही. खोडावर पेटी असेल तर खाली दीड फूट रुंदीचा पत्रा गुंडाळा, मांजर आणि खार दोघांना अडचण होते, मात्र वरच्या फांद्या शेजारच्या भिंतीला टेकत असतील तर पत्र्याचा उपयोग शून्य. मुंग्यांसाठी पट्ट्यावर जाडसर ग्रीस, पेटीवर नाही. साप आला तर काय, हेही लोक विचारतात. तस्कर, धामण कधीतरी येतात. त्यांचंही पोट आहे. पेटी वेलीने पूर्ण वेढली जाऊ देऊ नका, इतकंच आपल्या हातात.

शेवग्यावर केसाळ सुरवंट आले की तुम्ही फवारता का? पिल्लांच्या पहिल्या दिवसांत चिमणी त्यांना दाणे भरवत नाही, किडे आणि अळ्या भरवते. दयाळ तर किड्यांवरच जगतो. फवारलेल्या अंगणात पेटी लावणं म्हणजे पक्ष्यांना उपाशी ठेवायला बोलावणं. सुरवंट खोडावर एका ठिकाणी थव्याने बसतात, तेव्हा जुना कपडा काठीला गुंडाळून साबणाच्या पाण्यात बुडवून खरवडून टाकता येतात.

त्याच शेवग्याची एक गोष्ट. मनगटाएवढी एखादी फांदी वाळली तर ती लगेच कापू नका, खाली वाट नसेल तर राहू द्या. तांबट अशाच मऊ लाकडात, फांदीच्या खालच्या अंगाला, गोल भोक कोरतो. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे इतर पक्षी राहतात.

पक्षी आत जायला लागले की तुमचं काम थांबतं. चोचीत काडी असेल तर बांधकाम, किडा असेल तर पिल्लं, पांढरी पिशवीसारखी विष्ठा बाहेर नेताना दिसले तर पिल्लं आठवड्याची होत आली. झाकण उघडायची गरज पडत नाही. चिमणीची अंडी उबायला ११ ते १४ दिवस, पिल्लं उडायला आणखी साधारण दोन आठवडे. दयाळाचा हिशेबही जवळपास तेवढाच. दयाळाची पिल्लं पुरती उडता येण्याआधीच बाहेर येतात आणि झुडपात बसून ओरडतात. तेव्हा घरातलं मांजर आठवडाभर आत, आणि पिल्लाला हात नाही. उघड्या रस्त्यावर असेल तर उचलून जवळच्या झुडपात ठेवा. माणसाने शिवलं म्हणून आई टाकते, हे खरं नाही. उचलून घरात आणून दूध-पोळी भरवणं मात्र त्याला मारतं. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्याची अंडी फोडणं किंवा घरटं विस्कटणं शिकारीतच मोजलं जातं, त्यामुळे साळुंकी नको म्हणून तिचं भरलेलं घरटं काढून टाकायचं नाही.

एक विण संपली की चिमणी बऱ्याचदा त्याच घरट्यात दुसरी घालते. दोन आठवडे हालचाल नसेल तरच पेटी उघडा. साधारण ऑक्टोबर बरा. तोंडाला फडकं, हातात मोजे, जुनं घरटं काढा, उकळतं पाणी ओता, दोन दिवस उन्हात ठेवा. आतल्या बारीक लाल किड्यांना एवढं पुरतं. कीटकनाशक पावडर टाकू नका.

राहिला पिंगळा. पेटीचा तळ आठ बाय आठ, उंची चौदा-पंधरा इंच, भोक तीन इंचाचं, तळाला सुताराकडचा लाकडाचा भुसा दोन इंच, कारण पिंगळा घरटं बांधत नाही, नुसत्या तळावर अंडी घालतो. बारा-पंधरा फुटांवर. मात्र तो किडे, उंदीर, पाली यांच्याबरोबर लहान पक्षीही खातो, तेव्हा चिमण्यांच्या भिंतीपासून त्याला शक्य तितका दूर, म्हणजे तुमच्याकडे आवाराच्या अगदी मागच्या कोपऱ्यात. तेवढं अंतर निघत नसेल तर पिंगळ्याची पेटी लावू नका. सासूबाईंशी यावरून वाद घालू नका. अपशकुनाची समजूत आपल्या एका वाक्याने जाणार नाही. संध्याकाळी दिवेलागणीला आंब्याखाली उभं राहून चिर्रर्र-चिर्रर्र असं भांडल्यासारखं ओरडणं ऐकू येतं का ते बघा. जुन्या आंब्यात ढोली असेल तर पिंगळा बहुधा आधीच तिथे राहत असेल, आणि मग पेटीचा प्रश्नच मिटला.